जुम्मा, गुस्ल आणि गॅसचा गीझर

मागच्या हिवाळ्यात आमच्या भाचीला तीन वेळा चक्कर आली आणि तिन्ही वेळा न्हाणीघरात. पहिल्यांदा डिसेंबरात, तिच्या थोरल्या भावाच्या वलिम्याच्या दिवशी. घर पाहुण्यांनी भरलेलं. सकाळपासून आंघोळीची रांग लागलेली. आधी मुलं, मग पुरुष मंडळी आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघरातून मोकळ्या झालेल्या बायका. भाची आत गेली ती वीस मिनिटं झाली तरी बाहेर येईना. आतून बादली पडल्याचा आवाज आला. भाईजानांनी दार ढकलून कडी तोडली तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली, हातपाय आखडलेले, डोळे पांढरे. बाहेर ओसरीवर आणून वाऱ्याला ठेवली, तोंडावर पाणी मारलं, तशी पाच-दहा मिनिटांत शुद्धीवर आली. डोकं फुटतंय म्हणाली, दोनदा उलटी केली. लग्नाच्या घरची धावपळ, जागरण, पोटात काही नाही, अशी कारणं तिथल्या तिथे सापडली आणि दुपारी बिर्याणीच्या पंगती उठल्या.

दुसऱ्यांदा जानेवारीत झालं. तोही जुम्माच होता. आता मात्र घर घाबरलं. जिल्ह्याच्या गावी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. डोक्याला तारा लावून आलेख काढला, मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढला. दोन्हींत काही दोष नाही. पण दोनदा आकडी आली आहे, तेव्हा गोळ्या सुरू करू, असं ठरलं. गोळ्यांनी पोरीला दिवसभर झोप येऊ लागली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली हुशार मुलगी पुस्तक उघडून तशीच बसून राहायची.

इकडे घरात दुसरीच कुजबुज सुरू झाली. दोन्ही वेळा जुम्मा, दोन्ही वेळा न्हाणीघर, आणि केस मोकळे. एका नात्यातल्या खालाजाननी आमिलचा पत्ता दिला. तावीज आला, पाण्यावर फुंकर मारून बाटली आली. आम्हाला कोणाच्या अकीद्याबद्दल बोलायचं नाही. पण दुःख याचं झालं की तोवर बोलणं सुरू असलेलं एक चांगलं स्थळ हळूच गप्प झालं. ‘मुलीला काही त्रास आहे असं कळलं’ एवढाच निरोप मध्यस्थामार्फत आला. आकडीचा शिक्का मुलीच्या कपाळावर बसला की तो किती काळ पुसत बसावं लागतं, हे आपल्या घरांना वेगळं सांगायला नको.

तिसऱ्यांदा जानेवारीच्या शेवटच्या जुम्याला. या वेळी भाभी दाराबाहेरच बसून होत्या, दर दोन मिनिटांनी हाक मारत. हाकेला उत्तर थांबलं तशा त्या आत घुसल्या. पण मुलीला उचलता उचलता त्यांनाच भोवळ आली. डोकं गरगरलं, गुडघ्यांतली ताकद गेली. कशाबशा दोघी उंबऱ्याबाहेर पडल्या. दवाखान्यात त्या दिवशी ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी आधी मुलीला नव्हे, भाभींना विचारलं, “तुम्हालाही उलटी झाली? पाणी कशावर तापवता?”

गॅसच्या गीझरवर. न्हाणीघरातच, नळाच्या वर लावलेला. बोटाला लावतात ते यंत्र ऑक्सिजन ९८ दाखवत होतं, त्यामुळे नर्स म्हणत होती की श्वासाचं काही नाही. डॉक्टरांनी त्या आकड्याकडे लक्ष दिलं नाही. दोघींना नाकातोंडावर मास्क लावून भरपूर ऑक्सिजन सुरू केला आणि रक्त तपासायला पाठवलं. रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला. मुलीच्या रक्तात जास्त, भाभींच्या रक्तात थोडा कमी.

आम्ही भाषा शिकवणारे. उर्दू आणि मराठी. वायूचं हे गणित आम्हाला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी मधल्या सुट्टीत फळ्यावर मांडून दिलं. ते जसं समजलं तसं इथे लिहितो, कारण आमच्या मोहल्ल्यात तरी दर तिसऱ्या घरात हा गीझर आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो न्हाणीघरातच आहे.

भाईजानांचं न्हाणीघर चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच. म्हणजे १९२ घनफूट, साधारण साडेपाच घनमीटर हवा. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर पूर्ण चालला तर तासाला जवळजवळ एक किलो गॅस जाळतो. शेगडीच्या पाच-सहा मोठ्या बर्नरइतकी ही आग झाली. सहकाऱ्यांनी विचारलं, “स्वयंपाकघराची दारं-खिडक्या लावून सहा बर्नर एकदम पेटवून तुम्ही आत बसाल का?” नाही बसणार. पण न्हाणीघरात आपण तेच करतो, वर आतून कडी लावून.

एक किलो गॅस नीट जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते. मग दहा मिनिटांत लागणारी हवा झाली दोन घनमीटर. म्हणजे साडेपाचातल्या एक तृतीयांशाहून जास्त हवेतला ऑक्सिजन दहा मिनिटांत संपला. खोली अगदी बंद धरली तर २१ टक्क्यांवरून तो १३ टक्क्यांच्या आसपास येतो. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून थोडी हवा येत राहते, म्हणून इतकं लवकर होत नाही. पण दिशा तीच. ऑक्सिजन कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन डाय ऑक्साइडच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास असतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, आणि तो ज्योतीत जळून जातो. त्यामुळे ‘वास आला नाही, म्हणजे गॅस नव्हता’ हे म्हणणं इथे लागू पडत नाही. रक्तातला हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेपट अधिक घट्ट धरतो. रक्त फिरत राहतं, पण मेंदूला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, पाय गळतात. दार उघडावं असं वाटेपर्यंत हात उचलण्याची शक्ती गेलेली असते. आणि बोटाला लावायचं साधं यंत्र हा वायू चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनचं रक्त यांत फरक करू शकत नाही. म्हणून ते ९८ दाखवत होतं.

आता जुम्याचं कोडं. बाकीच्या दिवशी घरातली माणसं आपापल्या वेळेला आंघोळ करतात. मध्ये दार उघडं राहतं, हवा बदलते. जुम्याला मात्र अकरा ते साडेबारा या वेळात भाईजान, तीन मुलगे, कधी शेजारचा भाचा, असे एकामागून एक आत जातात. गीझर जवळजवळ अखंड चालू. आणि सगळे नमाजला गेल्यावर, त्याच कोंदलेल्या हवेत, सर्वांत शेवटी घरातली मुलगी. वलिम्याच्या दिवशी तर रांग याहून मोठी होती. त्यात थंडी वाजते म्हणून, आणि समोरच्या घराच्या गॅलरीतून दिसतं म्हणून, वरच्या झडपेच्या काचांना भाभींनी दोन वर्षांपूर्वी पुठ्ठा आणि प्लास्टिक चिकटवून टाकलं होतं. पडद्याची काळजी बरोबरच होती. उपाय मात्र जीवावर बेतला. उन्हाळ्यात असं कधी झालं नव्हतं, कारण उन्हाळ्यात गीझर बंद असतो.

भारतातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवून ठेवले आहेत. न्हाणीघरात आकडी येऊन पडलेले, मेंदूच्या सगळ्या तपासण्या निर्दोष, आणि शेवटी कारण निघालं गॅसचा गीझर. त्या सगळ्यांना मिरगीच्या गोळ्यांची गरज नव्हती. गीझर हलवायची गरज होती. आमच्या भाचीच्या गोळ्या मेंदूच्या डॉक्टरांनी नंतर हळूहळू कमी करत बंद केल्या. (अशा गोळ्या आपल्या मनाने एकदम तोडू नयेत, हेही त्यांनी बजावलं.)

तर, हा गीझर लावायचा कसा?

पहिली आणि जवळजवळ शेवटची गोष्ट ही की तो न्हाणीघरात लावायचाच नाही. संडासात नाही, झोपण्याच्या खोलीत नाही, जिन्याखालच्या कोंदट कोपऱ्यातही नाही. घराच्या बाहेरच्या भिंतीवर, उघड्या गॅलरीत, मागच्या बोळात किंवा ओट्यावर पत्र्याच्या पाखाखाली लावावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत न्यावा. पाइप दहा-बारा फूट लांब झाला तर पहिलं अर्धं तांब्या पाणी थंड येईल, एवढाच तोटा. आमच्या प्लंबरचं पहिलं म्हणणं हेच होतं की ‘बाहेर लावलात तर पाणी गार होतंय बघा’. पाइपवर फोमची नळी चढवली आणि ती तक्रार संपली. दुसरं म्हणणं, चोरीला जाईल. त्याला सळ्यांची जाळी करून कुलूप लावता येतं. जाळीच हवी, पत्र्याची बंद पेटी नको. पेटीत बंद केलेला गीझर म्हणजे पुन्हा छोटं न्हाणीघरच.

बाहेर लावतानाही एक चूक आम्ही तीन घरांत पाहिली. गीझर बाहेर आहे, पण नेमका न्हाणीघराच्या झडपेखाली. जळलेली गरम हवा वर चढते आणि झडपेतून सरळ आत येते. तेव्हा खिडकी, झडप, दार यांच्या खाली कधीच नाही, आणि बाजूला असला तर निदान चार फूट लांब. वरच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर त्यांच्या खिडकीचाही विचार करावा. नव्या इमारतींत सगळ्या न्हाणीघरांच्या झडपा उघडतात तो अरुंद डक्ट असतो. तिथे गीझरचा धूर सोडला तर आपलं घर वाचेल, आणि चौथ्या मजल्यावरच्यांचं आजारी पडेल.

कोकणातल्या आमच्या नातेवाइकांचा प्रश्न वेगळा आहे: बाहेर लावला तर चार महिने पाऊस. त्यांनी वरून रुंद पत्रा आणि पावसाचा मारा येतो त्या बाजूने आडोसा केला आहे, बाकीच्या बाजू आणि खालचा भाग मोकळा. वाऱ्याने ज्योत विझत असेल तर भिंत बदलावी, गीझर आत घेऊ नये.

काही घरांत बाहेरची भिंतच नसते. चाळीतलं घर, मधल्या फ्लॅटला एकच गॅलरी, तीही बंद केलेली. तिथे स्वयंपाकघरात किंवा हवेशीर पॅसेजमध्ये लावायचा तर धुराड्याच्या पाइपशिवाय लावू नये. बाजारातल्या पुष्कळ स्वस्त गीझरांना वर फक्त फटी असतात. जळलेली हवा त्यातून खोलीतच येते. ते आत लावण्याचे गीझर नव्हेत, दुकानदार काहीही म्हणो. ज्याला वर गोल तोंड असतं, त्याला पत्र्याचा किंवा स्टीलचा धुराड्याचा पाइप जोडता येतो. तो जोडायची रीत आहे आणि ती चुकली तर पाइप असून नसल्यासारखा.

पाइपचा घेर गीझरच्या तोंडाइतकाच हवा. मध्ये तो बारीक केला की धूर तुंबतो. गीझरमधून निघाल्यावर पाइप आधी सरळ वर जावा, निदान दोन फूट, मग वळावा. गरम हवेला चढायला उंची मिळाली तर ती ओढ धरते, तोंडाशीच वळवली तर मागे फिरते. आडवा भाग कमीत कमी आणि तोही बाहेरच्या दिशेने किंचित चढता, फुटाला पाव इंच एवढा तरी. वळणं एक किंवा दोन. बाहेरच्या टोकाला पाऊस आणि पक्षी रोखणारी टोपी. सांधे घट्ट. भिंतीतून जाताना भोवती सिमेंट किंवा पत्र्याची बाही. लाकडी तुळईला, प्लास्टिकच्या छताला तो टेकता कामा नये. आणि ड्रेनेजचा पांढरा पीव्हीसी पाइप इथे चालत नाही. तो मऊ होऊन वाकतो, सांधे सुटतात. स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या नळीत हा पाइप घुसवणंही चूक. आम्ही हे सगळं लिहून घेतलं तेव्हा आमचा प्लंबर हसून म्हणाला, “बाई, एवढं कोणी करत नाही.” तेच तर.

‘आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे’ असं उत्तर हमखास मिळतं. फॅन हवा बाहेर फेकतो, पण फेकलेल्या हवेच्या जागी कुठून तरी हवा आत यावीच लागते. दार घट्ट, खिडकी बंद असेल तर ती धुराड्याच्या पाइपातूनच येते, म्हणजे धूर घेऊनच येते. फॅन हवा असेल तर ताजी हवा येण्याचा स्वतंत्र रस्ताही हवा: दाराच्या खालच्या भागात जाळी, भिंतीत वर एक जाळी. खालची जाळी आणखी एका कारणासाठी लागते. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो आणि खालूनच निघून जाऊ शकतो. पाइपने येणारा गॅस मात्र हलका, तो वर जातो. पुणे-मुंबईकडे जिथे पाइपचा गॅस आला आहे तिथल्या मंडळींनी हेही लक्षात ठेवावं की सिलिंडरवरचा गीझर पाइपच्या गॅसवर तसाच चालवायचा नसतो. त्याची गॅस सोडणारी छिद्रं निराळ्या मापाची असतात. कंपनीच्या माणसाकडून तो बदलून घ्यावा, नाहीतर त्या गॅसचाच घ्यावा.

सिलिंडरही न्हाणीघरात नको. उघड्यावर, सावलीत, सपाट जागी, उभा. शेगडीच्या रबरी नळीत पितळी टी बसवून दुसरी नळी गीझरला नेणं हा आमच्याकडचा जुना उद्योग आहे. भाईजानांकडेही तसंच होतं, आणि ती नळी भिंतीच्या भोकातून गेली होती, जिथे ती चिरली तरी दिसली नसती. भिंतीतून न्यायची असेल तर तांब्याची किंवा लोखंडी नळी, गॅस एजन्सीच्या माणसाकडून. रबराची नळी दिसेल अशीच असावी, आयएसआय शिक्क्याची, दीड मीटरच्या आत. तारेची जाळी असलेल्या नारिंगी सुरक्षा नळीचंही आयुष्य पाच वर्षं. तारीख नळीवरच छापलेली असते, आम्ही ती कधी वाचली नव्हती. गीझर घेताना आयएसआयचा शिक्का आणि आयएस १५५५८ हा क्रमांक बघावा. गळती बघायची तर साबणाच्या पाण्याचा फेस सांध्यांवर लावावा, बुडबुडे आले की गळती. काडी पेटवून बघणारे अजून आहेत, म्हणून लिहिलं. वास आलाच तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, विजेचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन.

काही गीझरांमध्ये ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद होण्याची सोय असते. असेल तर चांगलंच. पण ‘सारखा बंद पडतो’ म्हणून मेकॅनिकला बोलावून तीच सोय काढून टाकणारे महाभाग असतात. हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. जपानसारख्या देशात एका मोठ्या कंपनीच्या गीझरांच्या बाबतीत हेच झालं. धूर बाहेर फेकणारा पंखा बंद असला तर गीझर पेटू नये अशी त्यात व्यवस्था होती. दुरुस्तीला आलेल्या लोकांनी तारा जोडून ती टाळली. १९८५ ते २००५ या काळात २१ माणसं गेली आणि २००६ साली ते प्रकरण उघडकीला आलं. गीझर सारखा बंद पडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. एक तर हवा कमी आहे, किंवा टाकी नीट उंचीवर नसल्याने पाण्याचा जोर कमी आहे, किंवा खालचे दोन सेल संपले आहेत. सेल बदलून बघावेत. हवेचं कारण असेल तर जागा बदलावी.

ज्योत निळी हवी. पिवळी, लवलवती दिसली, वरच्या पत्र्यावर काजळी धरली, तर त्या दिवसापासून गीझर बंद. बोअरचं जड पाणी असेल तर आतल्या तांब्याच्या नळीत क्षार बसतात, बाहेरच्या पात्यांत धूळ आणि कोळ्याची जाळी अडकतात. हिवाळ्याच्या तोंडावर एकदा साफ करून घेतला की पुरतं.

ज्यांना आज, या आठवड्यात गीझर हलवणं शक्य नाही, भाड्याचं घर आहे, मालक भिंत फोडू देत नाही, त्यांनी एवढं तरी करावं. न्हाणीघराचं दार सताड उघडं ठेवून बादली भरून घ्यावी. सहा लिटरच्या गीझरला मोठी बादली भरायला तीन मिनिटं लागतात. मग गीझर बंद, गॅसचा कॉक बंद, हवा निघून जाऊ द्यावी आणि मगच आत जाऊन कडी लावावी. गीझर चालू असताना आंघोळ करायचीच नाही. फजरला वुजूपुरतं पाणी हवं असेल तरी दार उघडंच. लहान मुलांना टबात बसवून वर गीझर चालू ठेवून बाहेर जाण्याची सवय असेल तर ती मोडावी. लहान जीव लवकर बळी पडतो, आणि गरोदर बाईच्या पोटातलं बाळही. आतली कडी बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी बसवून घ्यावी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो लावायला हरकत नाही. पण स्वयंपाकघरात लावतात तो गॅस गळतीचा अलार्म वेगळा आणि हा वेगळा. एकाचं काम दुसरा करत नाही.

आणि कोणी आत पडलं असं वाटलं तर? दार तोडा. दीर्घ श्वास बाहेरच घ्या, आत श्वास न घेता गॅस बंद करून माणसाला ओढत बाहेर आणा. भाभींचं जे झालं ते वाचवायला गेलेल्या माणसाचं नेहमी होतं. मोकळ्या हवेत आणून १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणं येणाऱ्याने ते सुरू करावं. दवाखान्यात पोहोचताच पहिलं वाक्य ‘गॅसच्या गीझरजवळ पडली’ हे असावं. चक्कर, अशक्तपणा, उपाशी होती, हे सगळं नंतर. आपण सांगितलं नाही तर डॉक्टरांना कळायला दुसरा मार्ग फार थोडा असतो. शुद्धीवर आली म्हणून घरी झोपवून ठेवू नये. वायू रक्तातून निघायला तास लागतात, ऑक्सिजनने ते लवकर होतं.

भाईजानांकडचा गीझर आता मागच्या बोळात आहे. गॅसची नळी, पाण्याचा पाइप, भिंतीचं भोक, जाळी, मजुरी, सगळं मिळून दोन हजारांच्या आत झालं. आमिलकडे आणि मेंदूच्या फोटोला याच्या कितीतरी पट गेले होते. न्हाणीघराच्या काचांवरचा पुठ्ठा काढून तिथे बाहेरून तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवली. गॅलरीतून काही दिसत नाही आणि हवा येते. ते स्थळ पुन्हा आलं नाही. भाची म्हणते बरंच झालं, आणि दर महिन्याला साबणाचा फेस घेऊन सांधे तीच तपासते. गेल्या महिन्यात धुराच्या टोपीत चिमणीने काड्या आणून ठेवल्या होत्या, त्याही तिनेच काढल्या.

ज्या प्लंबरने तो गीझर न्हाणीघरात लावला होता, त्यालाच आम्ही बोलावलं होतं. भाचीची हकीकत ऐकून तो बराच वेळ पाय सोडून ओट्यावर बसला. मग पिशवीतून वही काढली. त्या मोसमात त्याने अकरा गीझर लावले होते, दहा न्हाणीघरांत आणि एक स्वयंपाकघरात. पुढच्या दोन रविवारी आम्ही त्याच्याबरोबर त्या अकरा घरी गेलो. आमचं काम फक्त बोलण्याचं. भिंत त्याने बघायची. आठ घरांनी त्याच महिन्यात गीझर बाहेर घेतले. स्वयंपाकघरवाल्यांनी विजेचा बसवला. एक कुटुंब भाड्याने राहतं, मालक दुबईला आहे. तिथली सून आता दार उघडं टाकून बादल्या भरते आणि सासूबाई बाहेर स्टूल टाकून बसतात. अकराव्या घरातले आजोबा म्हणाले, दहा वर्षं झाली, आम्हाला काही झालं नाही. त्यांच्या न्हाणीघराला झडप आहे, तिच्यात वर्तमानपत्र कोंबलेलं होतं. प्लंबरने चहा पिता पिता ते ओढून काढलं आणि घडी करून आपल्या पिशवीत टाकलं. या जुम्याच्या आधी आम्ही पुन्हा एकदा त्यांच्याकडे जाणार आहोत.